डाळ-दूध बंद केल्याने ऑटिझम जात नाही

‘मुलाचं दूध, डाळ, अंडी बंद करा, ऑटिझम जाईल, पीकेयूमध्ये सिद्ध झालंय,’ असा मेसेज फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया, हा आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होणारा चयापचयाचा आजार. प्रथिनांतलं फिनाइलॲलनिन मोडत नाही, रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. १९३४ मध्ये नॉर्वेत डॉ. फोलिंग यांनी दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, ती हिरवी झाली. आजार सापडला तो असा. मुलांना कुबट वास येतो, हे आईच्या आधीच लक्षात आलं होतं!

उपचार न झालेल्या मुलांत नजर टाळणं, हात हलवत राहणं अशी ऑटिझमसारखी लक्षणं दिसू शकतात. जन्मतःच टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून निदान होऊन लगेच पथ्य सुरू झालं, तर ती क्वचितच.

मात्र ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांना पीकेयू नसतोच. शिवाय पीकेयूच्या पथ्यात नुसती डाळ काढत नाहीत, तिच्या जागी खास फॉर्म्युला, म्हणजे फिनाइलॲलनिन वगळून प्रथिनांची गरज भागवणारा तयार आहार, देतात. तो न देता प्रथिनं तोडली तर मूल कुपोषित होईल. शंका असेल तर आधी रक्तातलं फिनाइलॲलनिन तपासून घ्या.