‘हरणांचा नफा आम्हाला कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. न्यूझीलंडमधल्या हरीणपालनावरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, “इथे हरीण मारलं तर तुरुंग. आम्हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या शेळीवाल्यांना त्या नफ्याचा काय उपयोग? आणि नफा हवा तर कळप वाढवावा, त्यात एवढं लिहिण्यासारखं काय?”

पहिलं म्हणणं शंभर टक्के मान्य. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबरांना अभय दिलंय आणि ते तसंच राहावं. हरणं बघायला बोंडल्याचं अभयारण्य आहे, तेवढं पुरे.

कळप वाढवण्याचं मात्र पटत नाही. तिथली तांबडी हरिणी वर्षाला एकच पाडस देते आणि भाकड राहिली तरी बारा महिने चरते. माद्या वाढल्या की चाऱ्याचा खर्च वाढणार हे नक्की, पैसा वाढेलच असं नाही. खरी कोंडी तारखांची आहे. युरोपात हरणाच्या मांसाला मागणी पानगळीच्या दिवसांत असते, म्हणून न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला चढा भाव मिळतो तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. पाडसं जन्मतात नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे वर्ष भरायच्या आत त्यांना वजनाला आणायचं, आणि मध्येच न्यूझीलंडचा जून ते ऑगस्टचा हिवाळा! दिवस लहान झाला की हरणाची भूकच मंदावते. तेव्हा कितीही खुराक ओता, वजन बेताचंच चढतं. म्हणून जाणते शेतकरी सगळ्यात सकस कुरण मार्च ते मेमध्येच पाडसांना मोकळं करतात. काही जण थोराड वापिती जातीचा नर लावतात. पाडसं झपाट्याने वाढतात, पण लहान चणीच्या मादीला वेत जड जातं.

आता तुमचं. तुमचा चढा भाव बकरीदचा. ती 2024 मध्ये 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. कुर्बानीचा बोकड वर्षाचा भरलेला लागतो. आपल्याकडची शेळी हरिणीसारखी एका मोसमाला बांधलेली नाही, हा केवढा फायदा! पण बोकड बारमाही कळपात मोकळा असेल, तर करडं केव्हाही येतात आणि ऐन सणाला हाताशी उरतं आठ महिन्यांचं पोर. त्याला खाटकाचाच भाव.

करडं जानेवारी-फेब्रुवारीत आली तर पाऊस लागेपर्यंत चार महिन्यांची होऊन ओल सोसतात आणि पुढच्या वर्षीच्या बकरीदला वर्ष ओलांडलेली असतात. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे बोकड ऑगस्ट-सप्टेंबरात सोडायचा, एरवी वेगळा बांधायचा. तुमच्याकडे त्याच्यासाठी वेगळी खोप आहे का?