शिऱ्यात तूप नव्हतं म्हणे!

आज डोकं फिरलंय. लिहून मोकळी होते, नाहीतर झोप लागायची नाही.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत श्रावणातला सत्यनारायण होता. आम्ही सगळे गेलो होतो, आई (सासूबाई) पण. हात जोडले, हळदीकुंकू घेतलं, आरतीला उभे राहिलो. तीर्थाला तेवढा नमस्कार केला, कारण पंचामृतात साखर सोडली तर दूध, दही, तूप आणि मध, आणि जनावरापासून, किड्यापासून आलेलं काही आम्ही खात नाही. त्या घरच्यांना ते माहीत आहे आणि त्यांनी काही म्हटलंही नाही. भली माणसं आहेत.

पण तिथं आलेल्या एक काकू. त्यांनी माझ्या लेकीला कोपऱ्यात घेतलं, हातात शिऱ्याचा द्रोण दिला आणि म्हणाल्या, "खा गं बाळा, तुझ्यासाठी वेगळा काढलाय, तेलातला हाय." पोर तिसरीत आहे. मोठं माणूस सांगतंय म्हटल्यावर खाल्ला तिनं, बोटं चाटून खाल्ला. तो संपल्यावर काकूंनी सगळ्या बायकांसमोर हातावर टाळी घेतली. "बघा! सव्वा किलो तूप ओतलंय त्यात. खाल्लं की नाही पोरीनं? काय झालं का तिला?"

हसल्या सगळ्या. अगदी माझ्या ओळखीच्या, रोज भेटणाऱ्यासुद्धा.

नाही झालं काही. होणार काय होतं? तूप म्हणजे विष असं आम्ही कधी कुणाला सांगितलंय? दारात येऊन कुणाच्या पातेल्यात डोकावलोय? आमच्या घरात दूध, दही, तूप, अंडी, मटण काही येत नाही, एवढंच. व्हीगन म्हणा, येडे म्हणा, आम्हाला फरक पडत नाही. पण लहान पोराशी खोटं बोलून त्याचा नेम मोडायचा आणि वर टाळ्या घ्यायच्या, ही कसली मजा?

माझी आजी काशीला जाऊन आली तेव्हा रामफळ सोडून आली. मरेपर्यंत तोंडात घातलं नाही. कुणी तिला विचारलं नाही की रामफळानं तुझं काय वाकडं केलंय. कुणी गर काढून "सीताफळ हाय, खा" म्हणून भरवला नाही. चातुर्मासात वांगं सोडणारे आहेत, कांदा-लसूण सोडणारे आहेत. गळ्यात माळ असलेल्या माणसाला कुणी फसवून मटणाचा रस्सा वाढला तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आपल्याकडं सोडण्याला केवढा मान! फक्त ते स्वतःच्या पुण्यासाठी सोडलेलं पाहिजे. मुक्या जनावरासाठी सोडलं की लगेच थेरं, फॅड, पुण्या-मुंबईचं वारं.

वारं कुठलं घेऊन बसलात? आमच्या घरात हे आलं ते राधानगरीकडच्या एका गोठ्यातनं.

आईंचं माहेर तिकडचं. आधी मटण सोडलं ते नवऱ्यानं. रस्सा मंडळातल्या, म्हणजे एकत्र जमून मटण-रस्सा करणाऱ्या दोस्तांनी त्याला किती दिवस पिडलं ते विचारूच नका. दुधाचं मी काढलं तेव्हा वाटलं होतं, आता आई भांडणार. पहाटे उठून धारा काढलेली बाई ती. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमची चंद्री म्हस होती. तिचं रेडकू गेलं. म्हस पान्हा चोरायला लागली. मग दादांनी रेडक्याचं कातडं सोलून घेतलं, त्यात भाताचं पिंजर भरलं आन् काठ्यांवर हुबं केलं. धारंच्या वक्ताला ते तिच्यापुढं धरायचं काम माझं." मग खडा काढून टाकला आणि म्हणाल्या, "चाटायची त्याला. चाटून चाटून एका अंगाचे केस गेलते."

मी नुसती बसून राहिले. त्यांनी ताट उचललं आणि आत गेल्या. त्या दिवशी दुपारचा चहा त्यांनी कोरा मागितला. चर्चा नाही, भाषण नाही. ज्या बाईनं ते कातडं हातांनी धरलं तिला मी काय पटवून देणार होते?

हे रेडकू का गेलं असेल ते म्हशी सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. म्हैस दूध देते ती व्याल्यावरच, आणि त्याआधी दहा महिने गाभण असते. रेडी झाली तर ती उद्याची म्हैस, तिला दूध मिळतं. रेडा झाला तर त्याला दोन चोखा द्यायच्या, पान्हा सुटला की ओढून बाजूला बांधायचं. पूर्वी औताला, गाड्याला तरी लागायचा तो. आता ट्रॅक्टर आला. गाभण घालायलाही डॉक्टर मोटरसायकलवरून सुई घेऊन येतो. मग त्या रेड्याचं करायचं काय? 2015 साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदीचा कायदा आला. त्यात रेड्याचं नाव नाही. देशातून बाहेर जातं त्यातलंही बहुतेक म्हशी-रेड्यांचंच मांस, गाईच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. म्हणजे "आम्ही शाकाहारी, आमचा त्याच्याशी काय संबंध" म्हणणाऱ्याच्या सायीचा संबंध आहेच. हे लिहिलं की लोकांना राग येतो. येऊ दे, आज मलापण आलाय.

आणि रेडा म्हणजे कोण हो? माउलींनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तो. जुन्नरजवळ आळ्याला त्याची समाधी आहे, लोक तिथं नारळ फोडतात. एका रेड्याला समाधी आणि बाकीच्यांना दोन चोखा.

आपल्या संस्कृतीत हे बसत नाही म्हणणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना जरा विचारावं. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करायची आणि त्या दिवशी गाईचं दूध, तूप, ताक तोंडाला लावायचं नाही. ही रीत कुणी घातली? मी का? त्या दिवशीचं दूध वासराचं, हे आपल्या पणज्यांना कळत होतं की. ऋषिपंचमी तर आता तोंडावर आलीय. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही त्या दिवशी. नांगर न लावता आलेलं, परसातलं, हातानं लावलेलं तेवढंच भाजीत घालायचं. इतका बारीक विचार! आज हसलेल्यांपैकी निम्म्या जणी ऋषीची भाजी करणार आणि अळूचे फोटो टाकणार. आम्ही तेच वर्षभर करायला गेलो की येडे.

हां, आता तुम्ही काय म्हणणार ते पाठ आहे. बी-12. नाही मिळत भाजी-भाकरीतून, गोळी घ्यावी लागते. घेतो आम्ही. लेकीचं रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून तिलाही देतो. (मटण-दूध हाणणाऱ्या आमच्या चुलतदिरांनासुद्धा बी-12 ची इंजेक्शनं घ्यावी लागली, पण ते राहू दे.) शेतकऱ्याचं घर दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं, हेही खरंय. आईंच्या भावाचं अजून चालतं. मामांना मी एक अक्षर बोलत नाही आणि बोलणारही नाही, उसाचं बिल कधी येईल त्याचा भरवसा नसताना पोरांची फी म्हशीनंच भरलीय. नवऱ्याच्या पायात जुनी कोल्हापुरी आहे, करकर वाजणारी. ती फाटेपर्यंत घालणार. आईंचा लग्नातला शालू ट्रंकेत आहे, रेशमाचाच. किडे उकळून काढलेलं रेशीम म्हणून काय तो जाळायचा? नवीन घेत नाही, बस. सोवळं पाळत नाही आम्ही.

बाकी "मग खाता काय?" याचं उत्तर देऊन तोंड दुखलंय. पिठलं-भाकरी, झुणका, खर्डा, मटकीची उसळ, आमटी-भात, थालीपीठ. यात कुठं दूध असतं? कोकणात निम्मं गोडधोड नारळाच्या रसातच असतं, आपण जेवण संपवून सोलकढी पितोच. पांढरा रस्सा आम्ही नारळाचं दूध, खसखस आणि तीळ घालून करतो, मटणाच्या अळणी पाण्याशिवाय. मटणासारखा लागत नाही. नाहीच लागत, कशाला खोटं सांगू? पण भाकरी चुरून खाल्ला की दुसरी वाटी मागतात.

दही मात्र आईंचं बघण्यासारखं असतं. शेंगदाणे रात्री भिजत घालतात, सकाळी सालं चोळून काढतात, मिक्सरला लावून फडक्यातनं गाळतात. ते दूध मंद आचेवर सारखं ढवळत उकळायचं, जरा लक्ष हटलं की खाली लागतं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांची देठं सोडायची आणि डबा पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवायचा. पहिलं विरजण असं देठांचं, नंतर त्याच दह्याचा चमचा. सुरुवातीला शेंगदाण्याचा वास येतो, फोडणी दिली की जातो. आमच्याकडं कढी त्याचीच होते. एकदा मामा जेवून गेले आणि विचारलं, "ताक कुठल्या म्हशीचं?" आईंनी त्यांना सांगितलं नाही अजून.

चहा तेवढा अवघड आहे, ते मान्य. सोयाचं दूध घातलं की कधी फाटतं, कधी नाही. पाहुणे कोरा चहा बघून तोंड वाकडं करतात. पुरुष मंडळी सरळ कोल्हापुरात गंगावेशीला जाऊन म्हशीच्या कासेखाली ग्लास धरतात, धारोष्ण पितात आणि परत येऊन आम्हाला सांगतात. पीत जावा, आम्ही अडवलंय का?

बाहेरचा खाऊ घ्यायचा तर पुड्यावरचा हिरवा ठिपका बघून भागत नाही, दूध पावडर त्यातही असते. लेक स्वतः बारीक अक्षरं वाचते. दुकानदार वैतागतो, पण ती वाचल्याशिवाय पुडा घेत नाही. तिच्यावर आम्ही लादलंय म्हणतात लोक. लादलंय की! जसं तुम्ही तुमच्या पोरांना अंडं खायला लावता, कुणी शुक्रवारी आंबट देत नाही, तसंच. जे घरात शिजतं ते पोर खातं, जगभर असंच आहे. पण चंद्रीची गोष्ट तिनं आजीकडून ऐकलीय, मी सांगितलेली नाही. आजीला तिनं विचारलं होतं, "तिला कळत नव्हतं का, की ते खोटं आहे?" आई म्हणाल्या, "कळत आसंल. पण कातडं त्याचंच होतं की गं."

म्हणून आजचं जास्त लागलं मला. घरी येताना लेक रडली नाही, शिरा खाल्ला म्हणून ओरडा बसेल का, असंही विचारलं नाही. पायऱ्या चढताना एवढंच म्हणाली, "आई, त्या काकू मोठ्या आहेत ना? मग खोटं का बोलल्या?" काय सांगायचं सांगा. मी म्हटलं, त्यांना गंमत वाटली. "मला नाही वाटली," म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

इथंवर लिहिताना जरा निवळलेय. काकू दुष्ट नाहीत हो. लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे आजारी होतो तेव्हा यांनीच दारात डबा ठेवला होता. बिनदुधाचा काय, त्या वेळी कसलाही खाल्ला असता. त्यांना खरंच वाटत असेल की पोरीची हाडं ठिसूळ होतील, आणि प्रसाद नाकारला तर देव कोपेल. ते मला समजतं. ती टाळी समजत नाही. आणि जमलेल्यांपैकी एकीनंही "अहो, असं नका करू पोराशी" म्हटलं नाही, तेही नाही. तुमच्यातल्या तिघी-चौघी तिथं होत्या, हे वाचताय, म्हणून लिहितेय.

आता खाली कुणीतरी "वनस्पतींनाही जीव असतो" लिहायला येईलच. या. माझ्या कुंडीतल्या कढीलिंबाला विचारून मग लिहा.

मी इकडं तावातावानं टाइप करत होते तोवर आईंनी त्या काकूंना फोन करून रविवारी जेवायला बोलावलंय. मला न विचारता! पुरणपोळी करायची, पुरण आई घालणार, लाटायच्या मी. वर नारळाचं घट्ट दूध आणि कटाची आमटी. मी म्हटलं, त्यांनी पानात तूप मागितलं तर? आई म्हणाल्या, "मागू दे. मी बसते तिच्या शेजारी. चंद्रीचं सांगायचं हाय तिला." लाटते बापडी. पण सांगून ठेवते, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.