प्रतिक्रियेला उत्तर : आजोबांचं घड्याळ बिघडलेलं नव्हतं

महोदय (नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून महोदय; महोदया असाल तर माफी),

माझ्या लहानपणी आजोबांचं घड्याळ 'मुंबईच्या वेळे'वर, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या मागे असलेल्या शहराच्या जुन्या स्थानिक वेळेवर चालायचं आणि अख्खी चाळ त्या घड्याळावर चालायची, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर 'मुंबईची वेळ १९५५ सालीच बंद झाली, तुमचा जन्म १९५८ चा. बिघडलेल्या घड्याळाला इतिहास चिकटवू नका, आधी गूगल करा,' असं आपण लिहिलंत. मतभेदाचं मला काही नाही. पण 'चिकटवू नका' ही काय बोलायची रीत झाली? ओळख ना पाळख, थेट हुकूम!

एक मान्य करतो. लेखात 'चाळीस मिनिटं मागे' लिहिलं होतं, एकोणचाळीस हवं. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची, मुंबई ७३ च्याही अलीकडे, अंशाला चार मिनिटं धरली की ३९ च येतात. दुरुस्त केलंय.

आता 'बिघडलेलं'. अहो, बिघडलेलं घड्याळ रोज मागे पडत जातं. आज पाच मिनिटं, आठवड्यात अर्धा तास. आमचं वर्षानुवर्षं ३९ मिनिटांवरच कसं अडून बसलं? आजोबा ते तसं लावायचे म्हणून! रविवारी सकाळी स्टुलावर चढायचे, आधी उजव्या भोकात चावी, मग टोल्यांसाठी डाव्या. रेडिओवर बातम्या लागल्या की ओठ हलवत वजाबाकी करायची आणि मिनिटकाटा बोटानं सरकवायचा. खाली स्टूल धरून मी उभा. हे गूगलवर सापडलं तर मलाही कळवा.

आणि १९५५ चं म्हणाल, तर तेव्हा ती वेळ सोडली महापालिकेनं. सरकारनं १९०६ साली प्रमाणवेळ आणली, तरी पुढे जवळजवळ पन्नास वर्षं महापालिका आपल्या जुन्याच वेळेवर होती. आजोबा तिथेच कारकून. उभी नोकरी ज्या वेळेवर केली ती कुणाच्या तरी ठरावानं सोडायची नाही, असा त्यांचा खाक्या. हट्टच तो, नाही म्हणत नाही. आम्हीही भोगलाय. एका मे महिन्यात, गावी जायच्या दिवशी, उलटी बेरीज करायची राहिली. 'पाऊण तास आहे अजून' म्हणत ते खलबत्त्यात पान कुटत बसले, आणि भाऊच्या धक्क्यावर पोचलो तर रत्नागिरीची बोट गेलेली. आजी ट्रंकेवर बसली ती बसली. गिरगावात परत येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर मात्र घड्याळाकडे बघून जे बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी काटा कुणी हलवला नाही. एवढं सगळं मी कशाला रचू?

'अख्खी चाळ त्या घड्याळावर चालायची हे अशक्य' असंही म्हणालात. तुम्ही राहिला होतात का त्या चाळीत? मी सतरा वर्षं राहिलो. यावर आणखी काय बोलायचं?

राहता राहिलं 'असल्या घरच्या गप्पांत कुणाला रस'. ज्याला रस नाही तो शेवटून तिसऱ्या ओळीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढण्याइतका आत कसा पोचला, कोण जाणे. 'मिनीट'चं 'मिनिट' केलंय. पुढच्या वेळी खाली नाव लिहा.