टेलिकास्टरचा रंग खरवडायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवरचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या गिटार शिकणाऱ्या मुलांमध्ये फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : इलेक्ट्रिक गिटारचा शोध लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने 1950 मध्ये एकट्याने लावला, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, कोर्टात केस हरल्यामुळे त्याला गिटारचं नाव बदलावं लागलं, आणि जुन्या गिटारवरचा रंग खरवडला की लाकूड ‘श्वास घेतं’, आवाज मोकळा होतो. हे वाचून माझा भाचा पॉलिश पेपर घेऊन बसला होता. गिटार त्याच्या काकांची, सत्तरच्या दशकातली टेलिकास्टर. वेळेवर कळलं म्हणून ती वाचली. तेव्हा शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करतो, कारण नुकसान तोच करतोय.

लाकूड श्वास घेत नाही. झाड तोडून, फळ्या वाळवून, कापून झालेलं ते लाकूड आहे. हवेतला दमटपणा ते शोषतं आणि सोडतं, आणि रंगाचा थर नेमकं तेच कमी करतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडं लाकूड ठेवायचा सल्ला देणाऱ्याने कधी फुगलेला दरवाजा पाहिला नसावा. 1950 च्या दशकातल्या फेंडर गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक प्रकारचा रंग) असायचं हे खरं, पण ते लाकडाला मोकळं ठेवण्यासाठी निवडलेलं नव्हतं. तो मोटारगाड्यांच्या रंगकामातला माल होता, स्प्रेने मारता यायचा आणि लवकर वाळायचा. पुढे फेंडरने जे खास रंग दिले तेही ड्यूपाँच्या गाड्यांच्या रंगांतलेच. आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस कंपनी जाड पॉलिएस्टर रंगाकडे वळली. म्हणजे भाच्याच्या गिटारवर तो ‘श्वास घेणारा’ रंग बहुधा कधी नव्हताच.

आवाजाचं गणितही सरळ आहे. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरते, त्यामुळे कॉइलमध्ये वीज निर्माण होते (चुंबक आणि कॉइलच्या या जोडीला पिकअप म्हणतात), ती अ‍ॅम्प्लिफायरला जाते. रंगाला या साखळीत जागा नाही. तारा, पिकअप, पिकअपची उंची, पॉट (आवाज कमी-जास्त करणारं बटण), अ‍ॅम्प यांतलं काहीही बदला, फरक कानाला लगेच कळेल.

आता खरवडल्यावर काय जातं ते बघा. बहुतेक जुन्या फेंडरची नेक, म्हणजे गिटारची लांब मान, चार स्क्रूंनी बॉडीला बसवलेली असते. ते काढले की नेकच्या टोकावर सुरुवातीच्या काळात पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडते, कधी कारागिराची आद्याक्षरंही. तादेओ गोमेझ नावाच्या कामगाराची ‘टीजी’ ही अक्षरं संग्राहक भिंगाखाली शोधतात. नंतर तिथे रबरी शिक्का येऊ लागला. पॉलिश पेपरचे चार हात मारले की ती नोंद पुसली गेली. नेक जिथे बसते त्या खाचेतला रंग उतरला की जोड सैल होतो. आणि मूळ रंग काढलेल्या जुन्या गिटारची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते. शिवाय नायट्रोसेल्युलोजची धूळ भयंकर ज्वालाग्राही असते. बंद खोलीत, शेजारी थिनरचा डबा उघडा ठेवून हे काम करणाऱ्या मुलांची मला खरोखर भीती वाटते.

एवढं मान्य करतो, की नेकच्या पाठीवरचा चिकट, जाड थर काही वादकांना नकोसा होतो आणि तेवढाच भाग ते हलका घासून घेतात. नव्या, स्वस्त गिटारवर खुशाल करा. जुन्यावर नको.

शोधाच्या दाव्याला एकच कागद पुरे आहे : अमेरिकन पेटंट क्रमांक 2,089,171. जॉर्ज बोशां यांनी ते 1934 मध्ये दाखल केलं, 10 ऑगस्ट 1937 रोजी मंजूर झालं. त्यात तारा, घोड्याच्या नालेसारखी चुंबकं आणि खाली कॉइल, सगळं आकृतीसह आहे. हे वाद्य चालतं का अशी शंका पेटंट ऑफिसला होती, म्हणून ते बनवणाऱ्या कंपनीचे अडॉल्फ रिकनबॅकर यांनी सोल हूपी आणि इतर वादकांना वॉशिंग्टनला पाठवून परीक्षकांसमोर वाजवून दाखवलं. ते वाद्य म्हणजे 1932 पासून विकली जाणारी ‘फ्राइंग पॅन’, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. पोकळी नाही, लाकूडही नाही.

बरं, उभी धरायची भरीव गिटार म्हणाल, तर गिटारवादक लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास पाइनच्या ओंडक्यावर पिकअप बसवून ‘लॉग’ केली होती आणि पॉल बिग्सबी यांनी 1948 मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी एक घडवली. फेंडरने केलं ते वेगळं, आणि माझ्या मते मोठं आहे : सपाट फळीतून कापलेली बॉडी, स्क्रूने बसणारी आणि बदलता येणारी नेक, म्हणजे कारखान्यात ढिगाने तयार होईल असं वाद्य. त्याचं स्वतःचं 1951 चं पेटंटही इलेक्ट्रिक गिटारचं नाही, ब्रिज (तारा टेकतात तो भाग) आणि पिकअप एकत्र बसवण्याच्या रचनेचं आहे.

नावाचं प्रकरण कोर्टात गेलंच नाही. टेलिकास्टरचं आधीचं नाव ‘ब्रॉडकास्टर’ होतं. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम होते. 1951 च्या फेब्रुवारीत त्यांनी हरकत घेतली आणि फेंडरने नाव सोडलं. नवं नाव ठरेपर्यंत छापलेल्या स्टिकरवरचा ‘ब्रॉडकास्टर’ शब्द कापून नुसतं ‘फेंडर’ लावत होते. त्या गिटारींना आज ‘नोकास्टर’ म्हणतात.

लिओला गिटार वाजवता येत नव्हती, हे मात्र खरं आहे. पण म्हणून तो एकटा अंधारात चाचपडत नव्हता. सहकारी जॉर्ज फुलर्टन सोबत होता, नमुने आसपासच्या वादकांच्या हातात जात होते. ब्रॉडकास्टरच्या आधीच्या ‘एस्क्वायर’ या मॉडेलच्या पहिल्या गिटारींच्या नेकमध्ये ती सरळ ठेवणारी धातूची सळई नव्हती, नेक वाकू लागल्या, आणि 1950 संपायच्या आत ब्रॉडकास्टरमध्ये सळई आली.