गिलाव्याखाली गाडलेला जोड

‘घराच्या वायरिंगचा खर्च निम्मा करा’ असे सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या घराचा गिलावा तोंडावर आला असताना गवंड्याने तो तिला पाठवला आणि तिने ‘असे केले तर चालेल का?’ असे मला विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशात चार सल्ले आहेत: वायर पाइपाशिवाय थेट गिलाव्यात पुरा, जोड पिळून टेप गुंडाळा आणि जंक्शन बॉक्स न बसवता वरून गिलावा करा, पाइप घेतलाच तर त्यात मावतील तेवढ्या वायर ओढा, आणि एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर अर्थिंगची वायर फिरवू नका.

दुसरा सल्ला घर पेटवणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो. पिळलेला जोड भार चालू-बंद होताना तापतो, निवतो आणि हळूहळू सैल होतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला, तरी त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत सुमारे ३८ वॅट उष्णता तयार होते. साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि ते कथील वितळवते. वायरीवरचे नेहमीचे पीव्हीसी आवरण मात्र ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. एवढे होऊनही एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. जोड बॉक्समध्ये असेल तर जळका वास येताच झाकण उघडून काळवंडलेली टेप दिसते. गिलाव्याखाली असेल तर तो नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठीच भिंत फोडावी लागते.

भारतीय मानक ब्युरोची वायरिंगविषयीची संहिता, आयएस ७३२, या बाबतीत स्पष्ट आहे: तपासणी, चाचणी आणि देखभालीसाठी जोडापर्यंत पोहोचता आले पाहिजे. विशिष्ट संयुग भरून कायमचे बंद केलेल्या जोडांसारखे मोजके अपवाद आहेत, पण हाताने गुंडाळलेली टेप त्यांत बसत नाही. जोड जितके कमी तितके बरे, एवढे मलाही मान्य आहे. त्यासाठी मात्र वायर थोडी जास्त घेऊन ती अखंड एका स्विचबोर्डातून दुसऱ्यात लूप करावी, म्हणजे जोड फक्त टर्मिनलच्या स्क्रूखाली येतात. तरीही बॉक्स लागतोच, कारण लांब आणि वळणावळणाच्या पाइपातून वायर ओढायला, आणि पुढे कधी ती बदलायला, मध्ये हात घालण्याजोगी जागा हवी.

पहिल्या सल्ल्याला ‘परदेशात असेच करतात’ असा आधार दिला आहे. ब्रिटनमध्ये केबल गिलाव्यात पुरतात हे खरे आहे, पण तिच्यावर दुहेरी आवरण असते आणि ती ठरवून दिलेल्या पट्ट्यांतूनच नेतात. आपल्याकडची सुटी वायर एकाच आवरणाची असते. ती सिमेंटमध्ये गाडली की पावसाळ्यातली ओल आणि चित्र टांगण्यासाठी ठोकलेला खिळा या दोघांच्याही ती थेट तावडीत सापडते.

तिसऱ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: कोंबलेल्या वायरी ओढताना आवरण खरवडते आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही.

चौथा सल्ला देणाऱ्याला एमसीबी कशासाठी असतो हेच ठाऊक नाही. जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून तो वायरिंगला वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, असतो आणि १६ अँपिअरच्या एमसीबीचा आकडा त्याच्या पाचशे पटींहून अधिक आहे. वॉशिंग मशिनच्या पत्र्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर एमसीबी स्वस्थ राहतो, पत्रा जिवंत राहतो आणि आरसीसीबीलाही बहुधा कोणीतरी हात लावल्यावरच गळती कळते. अर्थिंग असेल तर हात लागण्याआधीच पुरवठा तुटतो.

बहिणीला मी एवढेच कळवले आहे की परवानाधारक वायरमनने प्रत्येक बॉक्स आणि प्रत्येक पाइप तपासल्याशिवाय गवंड्याला भिंतीला हात लावू देऊ नकोस.