परमिट रूममध्ये गवळण म्हणू इच्छिणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

गेल्या गुरुवारी रात्री पावणेनऊला आमच्या टेबलावर पाच माणसं, एक ढोलकी, एक तुणतुणं, दोन टाळ आणि एक मसाला पापड एवढा ऐवज होता. नऊ वाजता त्यात एका हवालदाराची भर पडली. परवान्याशिवाय इथे गाता येणार नाही, म्हणाला.

जागा म्हणजे परळच्या एका गल्लीतली साधी परमिट रूम. वार गुरुवार, कारण गुरुवारी निम्मं परळ पीत नाही. टेबलं रिकामी असतात, मालक अण्णा कुरकुरत नाही, आणि आमच्यातलेही तिघे लिंबू-सोड्यावरच असतात. माईक नाही, तिकीट नाही, स्टेज नाही. ज्याला जे येतं ते तो म्हणतो, बाकीचे मागून ओढतात. असं सहा वर्षं चाललं होतं. आपण सहा वर्षं गुन्हा करतोय हे मात्र कोणी सांगितलं नाही. तुमचा असा अज्ञानात घात होऊ नये म्हणून ही पदरमोड.

सर्वांत आधी, गाण्याचा विचार मनात आला की प्यायला घ्या. पिण्याचे नियम आपल्या राज्यात अगदी सोपे आहेत. पाच रुपयांत एका दिवसाचं परमिट मिळतं, आयुष्यभराचं हवं असेल तर तेही मिळतं, आणि हे सगळं सरकार तुम्हाला देतं ते प्रकृतिस्वास्थ्यासाठी. गाण्याने प्रकृती सुधारते असं १९४९च्या दारूबंदी कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. तेव्हा पाच रुपयांचं गाण्याचं परमिट मागू नका, हसतात.

प्यायल्यावर हवं तेवढं बरळा, शिव्या द्या, टेबल बडवा. बरळायला परवाना लागत नाही. सूर लागला की लागतो.

टाळ्या वाजवू नका. टाळी वाजली की श्रोते झाले, श्रोते झाले की प्रयोग झाला.

नाव बदलून पाहा. जुनी युक्ती आहे. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णाभाऊ साठ्यांनी त्यालाच लोकनाट्य म्हटलं आणि वग चालू ठेवला. आम्ही हवालदारसाहेबांना सांगितलं, हा सत्संग आहे. त्यांनी टेबलावरच्या क्वार्टरकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. अण्णाभाऊंची छाती आमच्याकडे नाही.

माणसं मोजून बसा. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष अशी अट असायची. २०२२च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बाई-पुरुषाची वाटणी रद्द केली, आठाचा आकडा मात्र ठेवला. आता आमच्याकडे अडचण अशी की पोवाडा सुरू झाला की मागून सूर ओढणारा झीलकरी कोण आणि गिऱ्हाईक कोण हे कळत नाही. पलीकडच्या टेबलावरचा टॅक्सीवाला ‘जी जी रं जी’ करतो, मोरीजवळ ग्लास विसळणारा पोरगाही करतो. पोरगा नववा निघाला तर त्याचा आवाज बंद करायचा की नळ?

कॉपीराइटची काळजी मात्र घ्याच. मागे एका कंपनीचा माणूस अण्णाकडे आला होता, हॉटेलात संगीत वाजतं म्हणून फी भरा म्हणाला. अण्णाने आमच्याकडे बोट दाखवलं. आम्ही नाथांचं भारूड म्हणत होतो. मग मी पेपर नॅपकिनवर हिशेब करून दिला. आपल्या कायद्यात कवी गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क राहतो. एकनाथ महाराजांनी देह ठेवला १५९९ साली. म्हणजे १६५९च्या ३१ डिसेंबरला हक्क संपला. ज्या वर्षी प्रतापगडाखाली खानाचा कोथळा निघाला, त्याच वर्षी नाथांचा कॉपीराइट निघाला. त्या माणसाने नॅपकिन घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “वर विचारून सांगतो.” अजून वरून उत्तर नाही. बहुधा पैठणला पत्र गेलं असावं.

आषाढी एकादशीला अभंग म्हणायचा बेत करू नका. त्या दिवशी ड्राय डे.

आणि एवढं सगळं करूनही तुम्हाला कायदेशीरच गायचं असेल, तर माझ्यासारखं करा, परवाना काढायला जा. मी गेलो. सुट्टी टाकून गेलो. कायद्याचा अभ्यासही करून गेलो होतो. १९५१चा पोलीस कायदा, त्याच्या ३३व्या कलमाखाली मुंबईसाठी १९६० साली केलेले नियम, त्यात जागेचा परवाना वेगळा, प्रयोगाचा वेगळा, तिकीट असेल तर तिकीटविक्रीचा आणखी वेगळा. त्या नियमांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत, एवढाच काय तो लोककलेचा सरकारदरबारी गौरव. कायद्यातली करमणुकीच्या जागेची व्याख्या इतकी ऐसपैस की लोक येतात आणि गाणं होतं अशी कुठलीही जागा तिच्यात कोंबता येईल. रांगेत दीड तास गेल्यावर खिडकी आली.

“कार्यक्रमाचं नाव?”

“नाव नाही साहेब. आम्ही दर गुरुवारी बसतो.”

“बसता म्हणजे पिता?”

“नाही, गातो.”

“मग बसतो कशाला म्हणता?”

इथे चूक माझीच. पुढे त्यांनी विचारलं, आयोजक कोण? म्हटलं, कोणी नाही. कलाकार किती? म्हटलं, येतील तेवढे. तिकीट? नाही. मग उत्पन्न? म्हटलं, पापड. त्यांनी पेन खाली ठेवलं. “संहिता आणा,” म्हणाले. कशाची? तर जे बोलणार, जे गाणार, त्याची. नाटकाची संहिता आधी तपासून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहेच, अमोल पालेकरांनी २०१६ साली तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. पण ते नाटक होतं हो! इथे ढोलकीवाले मामा मध्येच सम सोडून गवळण म्हणणाऱ्या आमच्या तात्यांना डिवचणार, तात्या त्यावर तिथल्या तिथे एक ओळ जुळवून मामांच्या टकलावर बसवणार, हे मी आधी लिहून कसं आणू? ‘येथे तात्यांना खोकला येईल, त्यावेळी टाळ वाढवावा’ असं लिहू? गवळणीत राधा आज काय म्हणणार ते तात्यांना तोंड उघडेपर्यंत ठाऊक नसतं, ते याला सही-शिक्क्यानिशी तीन प्रतींत हवं! शिवाय अण्णाचं ना-हरकत, सोसायटीचं ना-हरकत, अग्निशमनाचं ना-हरकत. तुणतुण्याने आग लागलेली कोणी पाहिली आहे? एक तार असते त्याला. एक!

हे चाललं होतं तेव्हा अण्णाच्या भिंतीवरच्या ५५ इंची टीव्हीवर रोज रात्री मॅच लागत होती, खाली साऊंडबार, षटकाराला अख्खी परमिट रूम खुर्चीवर. त्याची संहिता कोणी मागितली नाही.

माझी भाची इंग्लंडात असते. ती म्हणाली, मामा, इकडेही हा वेडेपणा झाला होता. तिकडे पबमध्ये दोघांपर्यंत गायला-वाजवायला वेगळा परवाना लागत नसे, ही १९६०च्या दशकातली सवलत. २००३च्या कायद्याने ती काढून घेतली, २००५च्या नोव्हेंबरपासून अंमल सुरू झाला, आणि कोपऱ्यात फिडल घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याचीही पबच्या परवान्यात नोंद लागू लागली. मोठ्या पडद्यावर फुटबॉल मात्र मोकळा. पायांना घुंगरं बांधून रुमाल उडवत नाचतात त्या मॉरिस नाचाला तेवढी कायद्यात नाव घेऊन सूट. ओरड झाली, आणि २०१२ साली त्यांनी कायदा दुरुस्त केला. सकाळी ८ ते रात्री ११, माईक नसेल तर ऐकणारे कितीही असोत, परवाना नको. परवानाधारक पबात माईक असला तरी २०० माणसांपर्यंत नको. २०१५ साली ते ५०० केले. सात-आठ वर्षांत साहेबाला आपली चूक कळली. आमचे नियम १९६०चे. तात्यांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं.

डीजेबद्दल आणि लेझरबद्दल मला काही विचारू नका. ते खातं वेगळं.

बरं, तक्रार कोणी केली तेही कळलं. समोरच्या टॉवरमधून फोन गेला होता. टॉवर जिथे आहे तिथे गिरणी होती. त्या गिरणीत तात्यांनी अठरा वर्षं साचे चालवले, ८२च्या संपात बाहेर पडले ते कायमचे. त्यांच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बाविसाव्या मजल्याला त्यांचा आवाज खुपतो. रात्री नऊला, बंद दाराआडचा.

राहू दे. उपदेश पुरे झाला. लाज वाटायला हवी आपल्याला. तुम्हालाही, मलाही. २७ फेब्रुवारीला फेटे बांधता, भाषेला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटता, ‘लुप्त होत चाललेली लोककला’ म्हणून कुठल्या तरी महोत्सवातल्या एसी स्टेजवरचा व्हिडिओ पाठवता. आणि खालच्या गल्लीत ती कला जिवंत असते तेव्हा फोन उचलून पोलीस बोलावता! ती काय तुम्हाला विचारून स्टेजवरच राहणार आहे? आणि नियम करणाऱ्या साहेबांनो, एक ओळ लिहायला किती वर्षं लागतात? माईक नाही, तिकीट नाही, रात्री दहाच्या आत, तर परवाना नको. बस. नाही जमत तर स्पष्ट सांगा की आम्हाला फक्त मंचावरची, निमंत्रणपत्रिकेवरची, हार घातलेली लोककला हवी आहे. निदान खोटं तरी बोलू नका.

सध्या तुणतुणं अण्णाच्या काउंटरमागे सोड्याच्या क्रेटवर आडवं पडलं आहे. तात्या ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्या गवळणी कुठल्याही वहीत नाहीत. तुम्हाला संहिताच हवी ना? मग या, समोर बसा आणि त्यांच्या तोंडून उतरवून घ्या. येताना वही आणा, पापडाचे पैसे आम्ही देऊ.