मगरीतला म

काल सकाळी साडेदहाला मी आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर पोटापर्यंत ओणवा होऊन, एक पाय हवेत धरून, "मूळव्याध! मूळव्याध!" असा पुकारा करत होतो. दवाखान्यातून फोन होता आणि आमच्या घरात आत रेंज येत नाही. नेमका त्रास काय, एवढंच पलीकडच्या बाईंना लिहून घ्यायचं होतं.

"मूळ... काय म्हणालात?"

"मूळव्याध!"

"मूळ गाव नको, आत्ताचा पत्ता सांगा."

"अहो बाई, मगरीतला म, बाळातला ळ..."

इथे समोरच्या इमारतीतल्या काकांनी हातातला पेपर खाली केला. दोन बाल्कन्यांमध्ये अंतर पंधरा-वीस फुटांचं.

"म ला दुसरा उकार आहे, तो राहिला," काका म्हणाले.

मी दुर्लक्ष केलं. "व्यायामातला व्या..."

"कशाला फोड करत बसता? पाइल्स म्हणा. लहान शब्द आहे, तुटायच्या आत पोचतो."

खरं सांगतो, मला पटलं. मी बेंबीच्या देठापासून "पाइल्स!" असं ओरडलो. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"हो हो, जुन्या फाइल्स असतील तर घेऊनच या," बाई म्हणाल्या आणि फोन कट झाला.

संध्याकाळपर्यंत जिन्यात तिघांनी मला "जपा हं" म्हटलं. चौथ्याने तो स्वतः कोणती उशी वापरतो ते सांगितलं, मधे भोक असलेली.

काकांबद्दल माझी तक्रार अशी आहे की त्यांच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. ते कान देऊन ऐकत नाहीत, मीच ओरडतो. आमच्या घरात रेंज फक्त बाल्कनीच्या उजव्या कोपऱ्यात येते, म्हणून गेली दोन वर्षं माझा सगळा संसार त्या कोपऱ्यातून जाहीर होतो आहे. मेव्हण्याला उसने दिलेले पैसे काकांना माझ्याहून चांगले आठवतात. परवा त्याच्याशी बोलताना माझी तारीख चुकली, तर पलीकडून आवाज आला, "अठरा! अठरा म्हणाला होता तो!" मेव्हण्याने विचारलं, कोण आहे रे तिकडे? काय सांगणार? वकील आहेत म्हणालो.

एक पाय उचलण्याचा शोधही काकांचाच. "पाय उचलता तेव्हा तुम्ही कमी वेळा 'हॅलो' म्हणता," असं त्यांचं निरीक्षण. मला वाटलं, थट्टा करतायत. पण मी मोजून पाहिलं. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर माझा आता विश्वास नाही; किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत, डीबीएम नावाच्या सिग्नलच्या मापात, उणे चिन्ह लावून तोंड लपवून बसलेला असतो. आमच्या बेडरूममध्ये तो उणे ११३, बाल्कनीच्या कोपऱ्यात उणे ८७. फरक २६चा दिसतो, पण हा हिशेब दर दहाला दहापट चढतो, म्हणजे कोपऱ्यात बेडरूमच्या सुमारे ४०० पट सिग्नल. आणि पाय उचलला की उणे ८४. म्हणजे अजून दुप्पट! पायाचा संबंध काहीच नाही. भिंतींवर आपटून आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना जोर देतात, शेजारच्याच जागी एकमेकींना खाऊन टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर, त्यामुळे फोन चार बोटं सरकला तरी चित्र बदलतं. पाय उचलला की मी चार बोटं पुढे कलंडतो, एवढंच. पण हे काकांना समजावण्यापेक्षा पाय उचलणं सोपं.

घर घेताना 'भक्कम आरसीसी' म्हणून मी भिंतींवर थापा मारून पाहिल्या होत्या. त्या भिंतींतल्या सळयांची जाळी आता मला आतून ओळखते. शिवाय ऊन अडवायला मी हौसेने धातूचा पातळ थर असलेल्या काचा बसवून घेतल्या. ऊन अडलं, रेंजही अडली. ७००-९०० मेगाहर्ट्झच्या लांब लहरी निदान भिंतीतून धापा टाकत येतात. वेगवान इंटरनेटच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या नव्या, आखूड लहरी बहुतेक दारातूनच परत जातात. बिचारा फोन टॉवरपर्यंत आपला आवाज पोचवायला जास्त जोर लावतो, तापतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. माझंही तेच होतं.

कंपनीला फोन लावला. बाल्कनीतून, अर्थात. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्र.

"सर, आपला आवाज अगदी स्पष्ट येतोय."

"कारण मी बाहेर उभा आहे."

"म्हणजे आपल्याकडे नेटवर्क आहे, सर."

"अरे, मी राहतो आत!"

"भिंतींचं आम्ही काही करू शकत नाही, सर. तक्रारीचं निवारण झालं असं नोंदवू का?"

निवारण! दर महिन्याचं बिल मात्र बाल्कनीत थांबत नाही. ते भिंती, सळया, काचा सगळं पार करून थेट बेडरूममध्ये येतं, एकही अक्षर न तुटता. 'फक्त कठड्यावर ओणवे होणाऱ्यांसाठी' असं त्यात कुठे बारीक अक्षरांतही नसतं. वर पाच मिनिटांनी मेसेज: आमची सेवा कशी वाटली? उत्तर लिहिलं. गेलं नाही. रेंज नव्हती.

भाच्याने बूस्टर सुचवला. बाहेर एक अँटेना, मधे यंत्र, आत एक अँटेना. पण अनेक देशांत असं यंत्र परवानगीशिवाय बसवता येत नाही, कारण भलतासलता बूस्टर टॉवरच्या कानात नुसता गोंगाट भरतो आणि आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवतो. काकांचीही. हा विचार माझ्या मनात जरा जास्तच वेळ रेंगाळला, खोटं कशाला बोलू.

तसं पाहिलं तर ३ एप्रिल १९७३ला मोटोरोला कंपनीचे इंजिनियर मार्टिन कूपर यांनी हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला फोन लावला तोही न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून. आणि कुणाला, तर प्रतिस्पर्धी कंपनीतल्या इंजिनियरला, खिजवायला. फोन किलोभराहून जड होता. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, फोनचं वजन उतरलं, आम्ही अजून बाहेरच उभे.

काकांचा उपाय मात्र पहिल्यापासून एकच. "स्टीलच्या पातेल्यात ठेवा फोन. आमचा ठेवला की काय खणखणीत ऐकू येतो!"

"काका, त्याने स्पीकरचा आवाज वाढतो, रेंज नाही. धातूचं भांडं उलट लहरी अडवतं. धातूने मढवलेल्या खोलीत बाहेरची वीज शिरत नाही, हे फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३६ साली दाखवलंय."

"ते इथे राहत नव्हते."

शेवटी काल रात्री बायकोने माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये शिरली आणि वाय-फाय कॉलिंगचं बटण चालू केलं. घरच्या इंटरनेटवरूनच फोन जातो-येतो, टॉवर लागत नाही. दोन वर्षं ते बटण तिथेच होतं. त्या नम्र मुलाने त्याचं नावही काढलं नव्हतं. आज सकाळी मी पलंगावर आडवा पडून, कुजबुजत, दवाखान्याची वेळ ठरवली. बाईंना 'मूळव्याध' पहिल्या फटक्यात कळलं.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात काका. हातात मोठं पातेलं, झाकणासकट.

"आज बाल्कनीत दिसला नाहीत. म्हटलं, फारच दुखतंय की काय. हे घ्या, जाड बुडाचं आहे."

आता मात्र म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावू. पातेलं टेबलावर ठेवलं, फोन आत, वर झाकण घट्ट. "आता लावा मला फोन. माझा नंबर सांगतो..."

"आहे की. सतराशे साठ वेळा ओरडून सांगितलाय तुम्ही."

त्यांनी लावला. दोन क्षण शांतता. मग पातेलं थडथडलं, टेबलावर दोन बोटं सरकलं आणि असं काही घणघणलं की बायको आतून धावत आली.

राउटर चार फुटांवर होता. इतक्या जवळचा सिग्नल झाकणाच्या फटीतून पाझरला तरी पुरतो, हे सगळं मला सांगायचं होतं. मी तोंड उघडलंही.

"ते फॅरडे," झाकण उचलत काका म्हणाले, "त्यांचं पातेलं केवढं होतं?"